बधिर चट्ट्याचा इतिहास: संवेदी चेतापेशी आणि त्यांना जगवणारी द्रव्ये

तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या दक्षिण उतारालगत वसलेले यावल आज जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. शिंद्यांच्या अमलातून निंबाळकरांकडे आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कायमचे इंग्रजांकडे गेलेल्या या गावाची ओळख ब्रिटिश काळातील गॅझेटियरांनी जाड देशी कागद आणि नीळ या दोन मालांसाठी आवर्जून करून दिली आहे. यांपैकी कागदाचा धंदा तर सर्वस्वी बोटांचा होता. हातकागदाच्या देशी पद्धतीत लगद्याच्या कुंडातून साचा वर उचलताना थर किती जाड बसला, ओला ताव सोडवून घेण्याजोगा झाला की नाही आणि घोटून त्याला पुरेसा गुळगुळीतपणा आला की नाही, याचा निवाडा कारागिराच्या बोटांची पेरेच करीत. निळीचा धंदा आधी बसला, कागदाचा त्यामागोमाग. त्यांची जागा कापसाने आणि पुढे केळीने घेतली, तरी हाताचे काम काही सुटले नाही. केळीची पिले कोयत्याने काढणे, बोंडाच्या टोकदार पाकळ्यांतून कापूस वेचणे, किंवा याच तालुक्यातील बामणोदची भरिताची वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजून त्यांची साल सोलणे, ही सगळी कामे अशा बोटांवर अवलंबून असतात, जी धार, काटा किंवा चटका जाणवताच विचार करण्याआधीच मागे येतात.

बोट असे मागे येते ते संवेदी चेतापेशींमुळे, म्हणजे शरीराच्या पृष्ठभागावरील स्पर्श, उष्णता, थंडी आणि वेदना यांची वार्ता मज्जारज्जूपर्यंत नेणाऱ्या पेशींमुळे. या पेशींची रचना विलक्षण आहे. पेशीचा मुख्य भाग, ज्यात केंद्रक असते, तो त्वचेत नसतो आणि मज्जारज्जूतही नसतो. पाठीच्या कण्यालगत दोन्ही बाजूंना ज्या छोट्या गाठींसारख्या रचना असतात, ज्यांना पृष्ठमूल गुच्छिका म्हणतात, त्यांत तो वसलेला असतो आणि तिथून एक बारीक तंतू एकीकडे त्वचेपर्यंत व दुसरीकडे मज्जारज्जूत जातो. प्रौढ माणसाच्या पायाच्या अंगठ्यातील वेदना कळवणाऱ्या पेशीचा मुख्य भाग कमरेजवळ असतो आणि तिचा तंतू साधारण मीटरभर लांब असतो. इतक्या दूरच्या टोकाशी असलेल्या त्वचेशी ही पेशी केवळ वार्ता घेण्यापुरती जोडलेली नसते, तर त्या त्वचेतून तिला अत्यल्प प्रमाणात अशी प्रथिने मिळत राहतात, ज्यांच्यावाचून वाढीच्या काळात ती जगत नाही आणि वाढ पूर्ण झाल्यावर ती आपले काम नीट करीत नाही. या प्रथिनांना चेतावृद्धिघटक म्हणतात. त्यांचा शोध विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य प्रयोगशाळांत लागला, पण ज्या रोगामुळे संवेदी चेता जिवंत माणसाच्या अंगावर नाहीशा होताना पिढ्यान्‌पिढ्या दिसत होत्या, तो रोग महाराष्ट्राला फार जुन्या काळापासून माहीत होता.

कुष्ठरोगाला मराठीत महारोग आणि रक्तपिती अशी नावे होती आणि दोन्ही नावे भीतीने उच्चारली जात. प्राचीन वैद्यकात कुष्ठ या संज्ञेखाली त्वचेचे पुष्कळ विकार एकत्र येत असले, तरी सुश्रुतसंहितेतील वर्णनात स्पर्शज्ञान नाहीसे होणे आणि बोटे झडणे ही लक्षणे स्पष्टपणे येतात, त्यामुळे आजचा कुष्ठरोग त्या संज्ञेत अंतर्भूत होता याबद्दल फारशी शंका उरत नाही. लोकव्यवहाराने मात्र बधिरतेपेक्षा विद्रूपतेकडेच लक्ष दिले. रोगी ओळखला जाई तो झडलेल्या बोटांवरून, बसलेल्या नाकावरून आणि भरून न येणाऱ्या जखमांवरून; त्याला गावाबाहेर ठेवण्याची रूढीही याच दर्शनी खुणांवर उभी होती. त्या खुणा दिसण्याच्या कित्येक वर्षे आधी त्वचेवर एक फिकट किंवा लालसर चट्टा येतो, तो खाजत नाही, दुखत नाही, त्यावर घाम येत नाही आणि तिथे सुई टोचली तरी कळत नाही. ज्या चट्ट्याचा त्रासच होत नाही तो कोणी वैद्याला दाखवत नाही, आणि रोग या शांततेतच पसरतो.

मुंबई इलाख्यात या बधिरतेकडे शरीररचनेच्या दृष्टीने पाहणारा पहिला महत्त्वाचा अभ्यासक म्हणजे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आजही ज्ञात असलेल्या 'ग्रेज ॲनाटॉमी' या ग्रंथाच्या १८५८ च्या पहिल्या आवृत्तीतील चित्रे याच कार्टरांनी काढली होती, आणि त्याच वर्षी ते मुंबईस येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजात व जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात काम करू लागले. कुष्ठरोग्यांच्या मृतदेहांचे विच्छेदन करताना त्यांना त्वचेकडे जाणाऱ्या चेता जाड झालेल्या आणि आतून बिघडलेल्या आढळल्या, आणि १८६० च्या दशकाच्या आरंभीच त्यांनी मुंबईच्या वैद्यकीय मंडळाच्या नियतकालिकात ही निरीक्षणे मांडली. नॉर्वेत डॅनिएलसेन आणि बोक यांनी १८४७ मध्ये या रोगाचे मोठे सचित्र वर्णन केले होतेच. पुढे कार्टर स्वतः नॉर्वेला गेले, तिथल्या कुष्ठालयांचा अहवाल त्यांनी १८७४ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे गेरहार्ड हान्सेन यांनी १८७३ मध्ये रोग्यांच्या ऊतींत काडीच्या आकाराचे जंतू पाहिल्याची नोंद केली होती. जंतूचा शोध हा इतका प्रभावी ठरला, की पुढची जवळपास शंभर वर्षे सर्व विचार 'चेता कोण मारतो' या प्रश्नाभोवती फिरला. 'चेता जगते कशावर' हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. कार्टरांच्या हाती चित्रकाराची नजर आणि विच्छेदनाची सुरी होती, पण हा दुसरा प्रश्न विचारण्यासाठी लागणारे रसायनशास्त्र त्या काळात अस्तित्वात नव्हते.

त्याच दशकांत डॉ. भाऊ दाजी लाड मुंबईत कुष्ठरोगावर एका गुप्त औषधाचे प्रयोग करीत होते, आणि ते औषध कडू कवठाच्या वर्गातील बियांपासून केलेले होते. या वर्गातील तेले विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभर या रोगावर वापरली गेली. १८७४ मध्ये भाऊ दाजी निवर्तले. पुढे १८९० मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ यांच्या पुढाकाराने माटुंग्यास निराधार कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान निघाले. हेच ॲक्वर्थ मराठी वाचकांना शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर पोवाडे गोळा करणारे संग्राहक म्हणून अधिक परिचित आहेत. १८९८ च्या कायद्याने भिक्षा मागणाऱ्या कुष्ठरोग्यांना अशा ठिकाणी डांबून ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला, आणि तो कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले. यावल तेव्हा खानदेश जिल्ह्यात, १९०६ च्या विभाजनानंतर पूर्व खानदेशात होते. सातपुड्याच्या पायथ्याच्या तडवी आणि पावरा वस्त्यांच्या दृष्टीने माटुंग्याचे आश्रयस्थान तापीपलीकडे, रेल्वेच्याही पलीकडे होते.

स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात महाराष्ट्रात या रोग्यांची सेवा करणाऱ्या संस्थांची एक मालिकाच उभी राहिली. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये काम सुरू केले, अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचे तपोवन आणि वरोऱ्यास बाबा आमटे यांचे आनंदवन त्यानंतरच्या दीड दशकात आकाराला आले, आणि १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने डॉ. वर्देकरांच्या नेतृत्वाखाली पाहणी, शिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री घालून दिली, जिच्यात रोग्याला गावातच ठेवून घरोघर जाऊन चट्टा शोधण्यावर भर होता. या संस्थांची थोरवी मराठी साहित्याने भरपूर गायली आहे. चेतापेशींच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्या काळातील सर्वांत मूलगामी विचार वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांच्या निरीक्षणातून आला. कुष्ठरोग्याची बोटे रोगामुळे आपोआप सडून गळतात ही समजूत त्यांनी खोटी ठरवली. जंतू बोट खात नाही, तर बधिर बोट रोजच्या भाजण्याने, कापण्याने आणि दाबाने झिजत जाते, आणि रुग्णालयात झोपलेल्या रोग्याचे बोट तर रात्री उंदीर कुरतडून नेतात तरी त्याला जाग येत नाही, हे त्यांनी दाखवले. मुंबई-पुण्यात डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरोग्यांच्या वाकड्या हातांवर आणि चेहऱ्यांवर शस्त्रक्रिया करण्याचे काम उभारले, आणि त्यांच्या प्रेरणेने मुंबईत निघालेल्या 'फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च' या संस्थेत डॉ. वनजा शेट्टी यांच्यासह अनेकांनी रोगग्रस्त चेतेचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने निरीक्षण केले. रोगाचा जंतू चेतातंतूभोवती आवरण करणाऱ्या श्वान पेशींत घर करतो, हे यातून अधिकाधिक स्पष्ट होत गेले.

चेतापेशींच्या जगण्याचा प्रश्न दरम्यान अगदी वेगळ्या वाटेने पुढे आला. १९३४ मध्ये व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी कोंबडीच्या गर्भातील पंखाचा अंकुर कापून टाकला, तेव्हा त्या बाजूच्या चेतागुच्छिका लहान राहिल्या. अवयवाकडून काही संकेत न मिळाल्याने नव्या चेतापेशी तयारच होत नाहीत, असा अर्थ त्यांनी लावला. इटलीतील तुरिन शहरात रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी, ज्यूविरोधी कायद्यांमुळे विद्यापीठाचे दार बंद झाल्यावर, घरातील शयनकक्षात अंडी आणून हाच प्रयोग युद्धकाळात पुन्हा केला आणि उलटा निष्कर्ष काढला: पेशी तयार होतात, तंतू अवयवाकडे निघतात, पण अवयवच नसल्याने त्या मरतात. हा फरक वरवर किरकोळ वाटला तरी संपूर्ण शाखेची दिशा त्याने बदलली, कारण चेतापेशीचे मरण हा अपघात नसून पुरवठ्याचा प्रश्न आहे, हे त्यातून सूचित झाले. पुढे असेही दिसून आले, की निरोगी गर्भातही चेतापेशी गरजेपेक्षा पुष्कळ जास्त निर्माण होतात, आणि त्वचेतून येणारी शिदोरी जितक्यांना पुरते तितक्याच वाचतात; अनेक गुच्छिकांत जवळपास निम्म्या पेशी जन्माआधीच नाहीशा होतात.

हॅम्बर्गर यांच्या निमंत्रणावरून लेव्ही-मोंताल्चिनी १९४७ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईसला गेल्या. त्यानंतर वर्षभरातच एल्मर ब्यूकर यांनी उंदराच्या सार्कोमा नावाच्या अर्बुदाचा तुकडा कोंबडीच्या गर्भात बसवल्यावर संवेदी तंतू त्याच्याकडे झुंडीने धावतात, असे दाखवले. त्या अर्बुदातून काहीतरी द्रव्य पाझरत असले पाहिजे, ही शंका १९५२ मध्ये रिओ द जानेरो येथील प्रयोगशाळेत खरी ठरली. काचेच्या तबकडीत अर्बुदाजवळ ठेवलेल्या चेतागुच्छिकेतून काही तासांतच चहूकडे तंतूंचे दाट वलय फुटले. ते द्रव्य ओळखण्याचे काम जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी १९५३ पासून अंगावर घेतले. ते प्रथिन आहे की न्यूक्लीइक आम्ल हे ठरवण्यासाठी त्यांनी अर्कात सापाचे विष मिसळले, कारण विषातील विकरे न्यूक्लीइक आम्ल तोडतात. द्रव्य निकामी होण्याऐवजी तंतूंचे वलय कितीतरी वाढले, आणि शोध घेता कळले की विषातच ते द्रव्य अर्बुदापेक्षा कित्येक पट अधिक आहे. विषग्रंथी ही मुळात लाळग्रंथीच असल्याने कोहेन यांनी मग नर उंदराच्या लाळग्रंथी तपासल्या, तिथेही ते विपुल सापडले, आणि तिथूनच ते शुद्ध स्वरूपात मिळवता आले. १९७१ मध्ये अँजेलेत्ती आणि ब्रॅडशॉ यांनी त्याच्या एका साखळीतील ११८ ॲमिनो आम्लांचा क्रम लावला. यावल-रावेरच्या केळीबागांत आणि बांधांवर जो नाग मजुरांना हमखास आढळतो, त्याच्या विषातूनही हे द्रव्य १९७६ मध्ये शुद्ध करून त्याच्या रचनेचा काही भाग उलगडण्यात आला. श्वास थांबवणारी विषारी प्रथिने आणि चेता वाढवणारे प्रथिन एकाच थेंबात का असावीत, याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. सापाला त्याचा नेमका कोणता लाभ होतो यावर अभ्यासकांचे एकमत नाही. या शोधासाठी लेव्ही-मोंताल्चिनी आणि कोहेन यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हॅम्बर्गर यांना त्यातून वगळले गेले, ते अन्यायाचे होते असे मानणारे तेव्हाही अनेक होते आणि इतिहासाची साक्षही त्यांच्याच बाजूने जाते.

नर्व्ह ग्रोथ फॅक्टर या नावाने प्रसिद्ध झालेले, संक्षेपाने एनजीएफ म्हणून ओळखले जाणारे हे द्रव्य काम कसे करते, हे १९७० च्या दशकापासून उलगडत गेले. त्वचेच्या बाह्यस्तरातील पेशी ते अल्प प्रमाणात तयार करतात; वेदना आणि उष्णता जाणणाऱ्या तंतूच्या टोकावर ट्रक-ए नावाचे ग्राही प्रथिन असते, ज्याला एनजीएफ चिकटते; मग ती जोडी तंतूच्या टोकात ओढली जाऊन तंतूमधून उलट दिशेने, म्हणजे त्वचेकडून कण्याकडे, गुच्छिकेतील पेशीपर्यंत वाहून नेली जाते आणि तिथे पेशीला मरणाच्या वाटेवरून मागे फिरवणारे संकेत सुरू होतात. ही उलटी वाहतूक १९७० च्या दशकात सिद्ध झाली आणि ट्रक-एची ओळख १९९१ मध्ये पटली. ईव्ह-आलाँ बार्द यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी मेंदूतून याच कुळातील दुसरे द्रव्य वेगळे केले आणि १९९० मध्ये न्यूरोट्रॉफिन-३ हे तिसरे मिळाले, तेव्हा संवेदी पेशींची एक प्रकारे विभागणीच समोर आली: वेदना आणि तापमान जाणणाऱ्या बारीक पेशी मुख्यतः एनजीएफवर अवलंबून असतात, तर स्नायू किती ताणला आहे, पाय कुठे पडला आहे याची जाणीव देणाऱ्या जाड पेशी न्यूरोट्रॉफिन-३ वर. गर्भावस्थेत आईच्या रक्तातून एनजीएफविरोधी प्रतिपिंडे पिलांपर्यंत पोहोचली, तर त्यांच्या पृष्ठमूल गुच्छिकांतील बहुसंख्य पेशी जन्मापूर्वीच नष्ट होतात, हे १९८० मध्ये प्राण्यांत दाखवण्यात आले होते. प्रत्यक्ष माणसातील पुरावा जपानमधून आला. वेदना अजिबात न जाणवणे आणि घाम न येणे, असा एक दुर्मिळ जन्मजात विकार असतो. यासुहिरो इंदो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये त्याचे मूळ ट्रक-एच्या जनुकातील दोषात शोधून काढले. अशा मुलांची जीभ त्यांच्याच दातांखाली चावली जाते, बोटे भाजतात आणि झिजतात, हाडे मोडली तरी ती चालत राहतात.

या मुलांचे वर्णन ज्याने कुष्ठरोग पाहिला आहे त्याला ओळखीचे वाटल्याशिवाय राहत नाही. बधिर चट्ट्यावर वेदना नसते आणि घामही नसतो, कारण घर्मग्रंथींकडे जाणाऱ्या अनुकंपी चेतासंस्थेच्या पेशीदेखील एनजीएफवरच जगतात. जन्मजात विकारात जे सर्वांगाला घडते, ते कुष्ठरोगात त्वचेच्या एका तुकड्यापुरते घडते. त्याहून लक्षणीय म्हणजे, कुष्ठरोग्याची उष्णता आणि वेदना जाणण्याची शक्ती आधी जाते, पण अंधारात पाय कुठे पडतो आहे याची जाणीव सहसा शाबूत राहते, म्हणजे न्यूरोट्रॉफिन-३ वर अवलंबून असलेल्या पेशी बहुधा वाचतात. या साम्यावरून कुष्ठरोग हा एनजीएफच्या अभावाचाच विकार आहे, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. कुष्ठजंतू शरीराच्या आतील उष्णतेपेक्षा थोड्या थंड भागात जोमाने वाढतो. म्हणूनच कोपराजवळील, गुडघ्याच्या बाहेरील आणि घोट्यालगतच्या, त्वचेखाली उघड्या पडलेल्या चेता आधी बळी पडतात आणि स्नायूंच्या खोल भागातील तंतू सुरक्षित राहतात. भूगोल आणि रसायन यांपैकी कोणाचा वाटा किती, हा प्रश्न केवळ साम्य पाहून सुटत नाही.

तो प्रयोगाने सोडवण्याचा एक प्रयत्न मुंबईच्या सहभागाने झाला, आणि महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासात त्याची मिळायला हवी तेवढी दखल घेतली गेलेली नाही. १९९४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रवीण आनंद आणि सहकाऱ्यांचा एक छोटा लेख आला, ज्याच्या लेखकांत मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. बी. एस. सिंघल आणि उमा लाडीवाला यांची नावे आहेत. कुष्ठरोग्यांच्या बाधित त्वचेत एनजीएफचे प्रमाण लक्षणीय घटलेले असते, असे त्यात दाखवले होते. त्याच गटाने २००० मध्ये 'पेन' या नियतकालिकात अधिक विस्ताराने वेदनाग्राही तंतूंशी निगडित प्रथिनांचा वेध घेतला आणि बधिरतेमागे या द्रव्याच्या यंत्रणेचा हात आहे का, हा प्रश्न रोखठोक मांडला. जंतू श्वान पेशींत शिरतो हे ठाऊक होते. एरवी चेता दुखावली की याच श्वान पेशी स्वतः एनजीएफ तयार करून तुटलेल्या तंतूला आधार देतात, हे १९८० च्या दशकात दाखवून दिले गेले होते. म्हणजे कुष्ठरोगात चेतेचे दोन्ही पुरवठादार, वाटेवरची श्वान पेशी आणि टोकाची त्वचा, एकाच वेळी बिघडतात. मुंबईच्या निरीक्षणाचे महत्त्व या जोडणीत आहे, जरी द्रव्य घटल्यामुळे तंतू गेला की तंतू आणि त्वचा दोन्ही बिघडल्यामुळे द्रव्य घटले, हे केवळ त्वचेच्या तुकड्यावरून ठरवता येत नाही.

द्रव्य कमी पडते तर ते बाहेरून द्यावे, हा विचार स्वाभाविक होता आणि तो मधुमेहाच्या बाबतीत अजमावला गेला, कारण मधुमेहातही पायांच्या बारीक संवेदी चेता अशाच विझत जातात. जनुक अभियांत्रिकीने तयार केलेले मानवी एनजीएफ हजाराहून अधिक मधुमेही रुग्णांना टोचून पाहण्यात आले. सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांनी आशा दाखवली, मोठ्या चाचणीत अपेक्षित लाभ दिसला नाही, आणि जिथे सुई टोचली तिथे रुग्णांना वेदना होऊ लागल्या. ही वेदना म्हणजे औषधाचा दोष नव्हता, तो त्याचा स्वभाव होता. वेदनाग्राही पेशीला जगवणारे द्रव्य तिला अधिक जागेही करते. याच कारणाने औषध कंपन्यांनी पुढे उलटी वाट धरली आणि गुडघेदुखीसाठी एनजीएफला अडवणारी प्रतिपिंडे तयार केली. ती वेदना कमी करीत, पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने झिजल्याने २०१० मध्ये चाचण्या थांबवाव्या लागल्या आणि २०२१ मध्ये टॅनेझुमॅब या प्रमुख प्रतिपिंडाचा प्रकल्पच गुंडाळण्यात आला. पॉल ब्रँड यांनी अर्धशतकापूर्वी वेदनेचे जे महत्त्व सांगितले होते, त्याचा हा अनपेक्षित पुरावा ठरला. युरोप-अमेरिकेत प्रत्यक्ष उपचार म्हणून एनजीएफने एकच ठिकाण मिळवले आहे, ते म्हणजे डोळा: बुबुळावरील पारदर्शक पटलाची संवेदना गेल्याने होणाऱ्या जखमांवर सेनेगर्मिन नावाचे थेंब युरोपात २०१७ मध्ये आणि अमेरिकेत २०१८ मध्ये मान्य झाले. कुष्ठरोगातही हेच पटल बधिर होते आणि पापणी मिटत नसल्याने डोळा जातो, तरी हे अत्यंत महागडे थेंब कुष्ठरोग कार्यक्रमाच्या औषधांत नाहीत.

वाढ पूर्ण झालेल्या संवेदी पेशीचे जगणे गर्भातील पेशीइतके परावलंबी नसते, हेही इथे लक्षात घ्यावे लागते. रोनाल्ड लिंडसे यांनी १९८८ मध्ये दाखवले, की प्रौढ प्राण्याच्या गुच्छिकेतील पेशी एनजीएफशिवायही तबकडीत जगतात. त्या आक्रसतात, वेदनेचे संकेत देणारी द्रव्ये तयार करणे कमी करतात, पण मरत नाहीत. म्हणजे प्रौढ माणसाच्या बधिर हातामागे कण्याजवळची पेशी काही काळ जिवंत असू शकते आणि तिचा केवळ दूरचा तंतू गेलेला असतो. कुष्ठरोगाच्या उपचारातील एक अनुभवसिद्ध नियम या निष्कर्षाशी जुळतो: चेतेची सूज येऊन बधिरता सुरू झाल्यापासून सुमारे सहा महिन्यांच्या आत प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिले, तर पुष्कळांची संवेदना परत येते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये शिफारस केलेला बहुविध औषधोपचार, ज्याची सुरुवात देशात ज्या पहिल्या जिल्ह्यांत झाली त्यांत वर्धा होता, जंतू मारतो. गेलेली चेता तो परत आणत नाही. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर रोगाचे प्रमाण दर दहा हजारांत एकाहून खाली आल्याचे घोषित झाले, तेव्हा आकडा जंतूबाधेचा होता, बधिर हातापायांचा नव्हता.

त्यामुळे आज यावलसारख्या तालुक्यात, जिथे काही गावे तापीकाठच्या बागायतीत आणि काही पाडे सातपुड्याच्या जंगलात आहेत, सारा भर वेळेवर सापडण्यावर आहे. कुष्ठरोग शोध अभियानात आशा सेविका घरोघर जाऊन न खाजणारा, न दुखणारा चट्टा विचारतात. ३० जानेवारीपासून गावोगाव स्पर्श नावाची जनजागृती मोहीम होते. आरोग्य केंद्रात तपासनीस रुग्णाला डोळे मिटायला सांगून बॉलपेनच्या टोकाने किंवा नायलॉनच्या ठरावीक जाडीच्या तंतूने हाता-पायावर स्पर्श करतो आणि जिथे स्पर्श झाला तिथे बोट ठेवायला सांगतो. बोट चुकले तर चेतेचा नकाशा कागदावर उतरवला जातो आणि पुढच्या भेटीत त्याच्याशी ताडून पाहिला जातो. बधिरता सहा महिन्यांहून जुनी निघाली तर स्टिरॉइडचा उपयोग बहुधा होत नाही. अशा रुग्णाला मऊ रबराची एमसीआर चप्पल मिळते, तव्याला आणि कोयत्याला लाकडी किंवा कापड गुंडाळलेली मूठ लावण्यास सांगितले जाते, आणि रोज संध्याकाळी हातपाय पाण्यात भिजवून, जाड झालेली कातडी घासून, तेल लावून, दिवसभरात कुठे भाजले वा कापले हे डोळ्यांनी शोधण्याची सवय शिकवली जाते.